बाण मावशीच्या दाराकडे होता

तुम्ही कधी स्वतःची चूक कुणाला कळायच्या आत गुपचूप दुरुस्त केली आहे का? लगेच नाही म्हणू नका. केली असेलच. फुटलेली काच कागदात गुंडाळून दुसऱ्याच्या कचऱ्यात टाकली असेल, घडी चुकलेला शर्ट खाली सरकवला असेल. आणि वर जीव हलका झाला असेल, सुटलो बुवा म्हणून. आमच्या छत्रीवाल्यानं याहून जास्त काही केलं नाही. आणि त्यापायी आमची सगळी गल्ली खोटारडी ठरायची वेळ आली.

छत्रीवाला म्हणजे पावसाच्या छत्र्या दुरुस्त करणारा नव्हे. टीव्हीच्या छत्र्या बसवणारा. अंगानं काडी, पण पत्र्यावरून असा चालायचा की खाली झोपलेल्या माणसाला कळू नये. गच्चीवर चढला की त्याचा आवाज गल्लीभर.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"आलं, आलं! अरे गेलं! मागे घे, मागे!"

एक डोळा मिटून, छत्री केसभर इकडे, केसभर तिकडे. चित्र दिसलं की नट आवळायचा आणि उतरायचा. आयुष्यभर त्यानं एवढंच केलं. कंपनीचा माणूस यंत्र लावून जे शोधायचा ते हा खालच्या आरडाओरड्यावर शोधायचा, आणि त्याचा त्याला भारी गर्व. मग सगळं जग मोबाइलवर बघायला लागलं. छत्र्या गंजल्या. त्यांच्यात कबुतरं बसायला लागली. छत्रीवाला दाराच्या पायरीवर.

आमची गल्ली डोंगराच्या पोटाला चिकटलेली आहे. घरं एकावर एक रचल्यासारखी. खाली पायथ्याशी रुंद रस्त्यासाठी डोंगर कापायला सुरुवात झाली, आणि वर आमची दारं अडकायला लागली. आज लागणारं दार उद्या चौकटीत बसेना. भिंतीला तडे. नगर कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाला, "घरं जुनी आहेत, तडे जायचेच." मी म्हटलं, "साहेब, तुम्हीही जुने आहात, तुम्हाला कुठे तडा गेलाय?" मला बाहेर काढलं. ते मला नवीन नाही.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. आरडाओरडा आमचा कितीही मोठा असो, तो कागदावर उमटत नाही. डोंगर सरकतोय हे डोंगरानंच सांगायला हवं होतं. म्हणून मी भूगर्भ प्रयोगशाळेच्या पायऱ्या झिजवल्या, आणि तिथली एक संशोधक बाई आमच्याकडे आली. पाठीला पिशवी, बुटांना चिखल. तिला गल्लीनं पहिल्याच दिवशी नाव दिलं, डोंगरबाई.

डोंगरबाईनं इस्त्रीवाल्या मावशीच्या मागच्या अंगणात एक जाड खांब रोवायला सांगितला. खोल, खडकासारख्या घट्ट मातीपर्यंत. खांबाच्या डोक्यावर पांढरा घुमट, उलट्या वाडग्याएवढा. त्याची वायर मावशीच्या खोलीतल्या एका डब्यात. झालं यंत्र.

मावशी इस्त्री थांबवून म्हणाली, "हा वाडगा बघणार डोंगर कुठे चालला ते?"

"वाडगा डोंगराकडे बघतच नाही, मावशी. तो वर बघतो. उपग्रहांचं ऐकतो."

मग तिनं मावशीच्या इस्त्रीच्या टेबलावर आम्हाला समजावलं. रस्ता दाखवायला मोबाइल ज्या उपग्रहांचा आधार घेतो, त्यांची एकच टोळी आकाशात नाही. निरनिराळ्या देशांनी आपापल्या टोळ्या सोडल्यात. आमच्या मागे डोंगर उभा, म्हणजे अर्धं आकाश झाकलेलं. एकाच टोळीवर राहिलो तर कधी कधी पुरेसे उपग्रह दिसतच नाहीत. चार टोळ्यांचं ऐकलं की कोणी ना कोणी डोक्यावर असतंच. पण चौघांची घड्याळं वेगळी, पृथ्वी मोजायची रीत थोडी थोडी वेगळी. तो फरक आधी काढायचा, चौघांना एका मापावर आणायचं, मग त्यांचा शब्द धरायचा. तसं केलं की वर्षाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा सरकणारा डोंगरही पकडता येतो.

"म्हणजे चार साक्षीदार," मावशी म्हणाली. "आणि एकमेकांच्या ओळखीचे नाहीत."

"अगदी तसंच."

"मग बरं. ओळखीचे असले की एकाच तोंडानं बोलतात."

घुमट बसवायला माणूस हवा होता. मी छत्रीवाल्याचं नाव सांगितलं. छातीवर हात मारून सांगितलं, याच्यासारखा हात सापडायचा नाही. प्रयोगशाळेनं त्याला एक निळं जाकीट दिलं, पाठीवर प्रयोगशाळेचं नाव. ते जाकीट घालून तो दाढीला सुद्धा जायचा. त्याची बायको म्हणायची, "अंघोळीला तरी काढतात की नाही?"

घुमट बसवताना त्यानं सवयीनं विचारलं, "कुठल्या दिशेला फिरवायचा?" प्रयोगशाळेतल्या माणसानं फोनवर सांगितलं, हा सगळं आकाश ऐकतो, रोखायचा नसतो. छत्रीवाल्याला हसू आलं. रोखायचा नाही तर मग काम ते काय! वायर जरा आखूड होती. वायरीचं तोंड मावशीच्या दाराकडे येईल असा घुमट फिरवला, नट आवळला, खाली उतरला. घुमटाच्या कडेला एक बारीकसा बाण कोरलेला होता. तो मावशीच्या दाराकडे होता. त्यानं बघितलाही. कारखान्याची खूण असेल, म्हणून सोडला.

महिने गेले. त्याचं काम वाढलं. प्रयोगशाळा त्याला दूर दूर पाठवायला लागली. एकदा एका धरणाच्या भिंतीवर घुमट बसवायचा होता. तिथं प्रयोगशाळेचा माणूस होकायंत्र घेऊन बसला आणि घुमट फिरवत फिरवत तो बाण बरोबर उत्तरेकडे आणला. छत्रीवाला बघत राहिला.

"बाणाला काय असतं?"

तो माणूस म्हणाला, "प्रत्येक टोळीचा आवाज घुमटात किंचित वेगळ्या जागी पकडला जातो. तुमची उंची चौघांनी मोजली, एकानं केसांवर बोट ठेवलं, दुसऱ्यानं कपाळावर, तर कशी येईल, तसं. कुणाचं बोट कुठे आहे ते कारखान्यानं मोजून दिलेलं असतं, पण बाण उत्तरेला आहे असं धरून. बाण वाकडा तर सगळा हिशेब वाकडा."

छत्रीवाल्याच्या पायाखालची भिंत सरकली. धरणाची भिंत, आणि सरकली. त्याच्याच तोंडचे शब्द आहेत हे, त्यानं नंतर मला सांगितले, मान खाली घालून.

तेव्हा फोन उचलून सांगितलं असतं, तर विषय तिथंच संपला असता. पण पाठीवर ते निळं जाकीट होतं. माझी छाती ठोकून दिलेली शिफारस होती. गच्चीवर एका डोळ्यानं दिशा पकडणारा माणूस, आणि त्याला उत्तर दिशा कळली नाही? सांगायचं कुणाला? कुठल्या तोंडानं?

परत आला. भर दुपारी, गल्ली कामाला गेलेली असताना, पाना घेऊन मावशीच्या मागच्या अंगणात गेला. मावशी घरात होती. तिनं काही विचारलं नाही, स्टूल दिलं. त्यानं वायर खांबाला धरणारी पट्टी सरकवली, नट सैल केला, बाण उत्तरेकडे आणला, नट आवळला. स्टूल आपल्या बाहीनं पुसून परत दिलं.

"झालं?" मावशीनं विचारलं.

"झालं."

घरी जाऊन तो गाढ झोपला. सुटलो बुवा.

इकडे डोंगरबाईच्या पडद्यावर आमचा डोंगर एका उडीत बाजूला गेला. उडी ती किती, तांदळाचा दाणा आडवा ठेवावा तेवढी. पण वर्षभर मुंगीच्या पावलानं चाललेल्या रेषेत ती पायरीसारखी दिसली. आणि गंमत अशी की चारही टोळ्यांची उडी सारखी नव्हती. एकीची मोठी, दुसरीची लहान, तिसरीची भलत्याच दिशेला.

नगर कार्यालयातली सुनावणी तोंडावर आली होती. तिथं ठरायचं होतं, पायथ्याचं खोदकाम थांबवायचं की चालू ठेवायचं. आमच्याकडे दाखवायला काय होतं? हा खांब. एवढाच.

डोंगरबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "डोंगरानं खरंच उडी मारली असती तर चौघांनी एकच गोष्ट सांगितली असती. चौघं चार तोंडांनी बोलतात म्हणजे डोंगर नाही हलला. घुमट हलला. ताई, खांबाला कुणीतरी हात लावलाय."

माझं डोकं फिरलं. संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी मी सगळ्यांना गोळा केलं आणि काय बोलले ते इथं लिहायच्या लायकीचं नाही. थोडक्यात, ज्याचा हात असेल तो उखडून त्याच्याच गळ्यात बांधीन. छत्रीवाला समोरच उभा होता. निळं जाकीट. हातात चहाचा कप. कप त्यानं शेवटपर्यंत तोंडाला लावला नाही. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण ओरडणाऱ्या माणसाला समोरचं कुठे दिसतं?

लोकांच्या नजरा मात्र मावशीकडे गेल्या. कारण होतं. सुरुवातीला तिनं कपड्यांची दोरी त्या खांबाला बांधली होती, आणि डोंगरबाईनं ती सोडायला लावली होती. कोणी तरी पुटपुटलं, "दोरी पुन्हा बांधली असेल." मावशी म्हणाली, "नाही बांधली." एवढंच. मग तिनं इस्त्रीचं गाठोडं उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतले निम्मे कपडे दुसरीकडे इस्त्रीला जायला लागले. छत्रीवाल्याचा स्वतःचा शर्ट मात्र मावशीकडेच. बायकोच्या हातून पाठवायचा. स्वतः त्या दारावरून जाणं त्यानं सोडलं. टाकीच्या मागून वळसा घालून घरी यायचा, भिंतीला घासत, जसं त्या दारात कुत्रं बसलंय.

सुनावणीची खोली लांबट, पंखा कुरकुरणारा, खुर्च्या कमी. आम्ही मागे उभे. रस्त्याच्या ठेकेदाराचा वकील फार गोड बोलला. त्यानं तो आलेख भिंतीवर मोठा करून दाखवला आणि उडीवर काठीचं टोक ठेवलं.

"वर्षभर काही घडत नाही, आणि सुनावणी जवळ आली की डोंगर टुणकन उडी मारतो. फारच समजूतदार डोंगर आहे."

सगळे हसले.

"तुमच्याच संशोधक बाईंनी लिहून दिलंय, घुमट कुणीतरी हलवलाय म्हणून. यंत्र कुणाच्या अंगणात आहे?"

मावशी उभी राहिली. स्वतः इस्त्री केलेली, कडक घडीची साडी. पदर हातात घट्ट.

"खांबाला तुम्ही दोरी बांधली होती?"

"होती. मग सोडली."

"मग त्या खांबाजवळ नंतर कोण आलं?"

मावशीनं खिडकीकडे बघितलं. "कोणी नाही."

"कोणीच नाही? मग घुमट आपोआप फिरला?"

"मी काय सांगू? कोणी नाही आलं."

वकील हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्हीच. गल्लीनं सांगितलं, आणि तुम्ही फिरवला."

मला बोलायचं होतं, पण बोलणार काय? माझ्याकडे शिव्यांशिवाय काही शिल्लक नव्हतं.

मागे, दाराशी, डोंगरबाईची पेटी धरून छत्रीवाला उभा होता. त्यानं पेटी खाली ठेवली. जाकिटाची चेन खाली ओढायला लागला, ती अडकली. ओढली, पुन्हा अडकली. शेवटी ती तशीच सोडून म्हणाला, "बाण तिच्या दाराकडे होता."

कुणालाच कळलं नाही. साहेब म्हणाला, "कोण बोललं?"

"मी. बाण मावशीच्या दाराकडे होता. मीच तसा बसवला. चुकून. मग मीच उत्तरेला फिरवला. तिला माहीत होतं. स्टूल तिनं दिलं. पण फिरवला मी. गल्लीनं नाही सांगितलं. मला लाज वाटली म्हणून फिरवला."

शेवटचं वाक्य इतकं हळू होतं, की साहेबानं त्याला पुन्हा म्हणायला लावलं. भरल्या खोलीत, मोठ्यानं. "मला लाज वाटली म्हणून फिरवला." मी त्या क्षणी त्याच्याकडे बघू शकले नाही. तुम्ही असता तर तुम्हीही खाली बघितलं असतं. आणि एवढ्या खोलीत कोणी त्याला बस म्हटलं नाही. मीही नाही.

वकील म्हणाला, "ऐनवेळी बरा सापडला गुन्हेगार."

तेव्हा डोंगरबाई पुढे आली. तिचे डोळे चमकत होते. इथं माणूस उघडा पडलाय आणि हिला आनंद, म्हणून मला तर तिचाही राग आला. "खोटं बोलतोय की खरं, तपासता येईल," ती म्हणाली. "घुमट पुन्हा जसा होता तसा वाकडा करू. सगळ्यांसमोर. हा खरं बोलत असेल, तर चारही टोळ्या जिथून उडी मारली तिथं परत जातील. प्रत्येक टोळी आपली आपली उडी उलटी मारेल. असं खोटं कुणाला रचता येत नाही."

साहेबानं मान्य केलं. आम्ही सगळे, वकीलसुद्धा, मावशीच्या मागच्या अंगणात जमलो. मावशीनं तेच स्टूल आणून ठेवलं. छत्रीवाला चढला. खाली सगळी गल्ली, आणि पहिल्यांदाच कोणी "आलं, गेलं" ओरडत नव्हतं. वायरीच्या पट्टीचा जुना गंजाचा ठसा खांबावर अजून होता. तो बघून त्यानं घुमट फिरवला. ज्या चुकीसाठी तोंड लपवून फिरत होता, तीच चूक त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा केली. नट दोनदा हातातून निसटला. वकिलानं वाकून उचलून दिला, तेवढं मी त्याच्या खात्यावर जमा धरते.

उतरल्यावर तो मावशीला म्हणाला, "तू का नाही सांगितलंस माझं नाव?"

"स्टूल पुसून परत देणाऱ्या माणसाचं नाव मी कशाला सांगू?" मावशी म्हणाली. मग जरा थांबून, "आणि म्हटलं, बघू तरी, स्वतः उठतोस का."

त्यानं स्टूल पुन्हा बाहीनं पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

काही दिवसांनी डोंगरबाईचा आलेख आला. चारही टोळ्या उलटी उडी मारून आपापल्या जुन्या जागी परतल्या होत्या, जिची जेवढी होती तेवढीच. मग तिनं ती उडी मधून काढून टाकली, आणि उरलं ते आम्ही पहिल्यापासून ओरडून सांगत होतो तेच. मुंगीच्या पावलानं, पण न थांबता, डोंगर खाली चालला होता. चार टोळ्या, चार घड्याळं, आणि चौघांच्या तोंडी एकच गोष्ट. खोदकाम थांबलं. आधी पायथ्याला भिंत बांधा, मग पुढचं बोलू, असा आदेश निघाला. पेढे वाटावे असं काही नाही. पण दारं अजून चौकटीत आहेत.

मी डोंगरबाईला विचारलं, "तो बाण पहिल्यापासून वाकडा, मग वर्षभराचं मोजमाप वाया नाही गेलं?"

ती म्हणाली, "अजिबात नाही. वाकडा होता तो वाकडाच राहिला असता, तर काहीच बिघडलं नसतं. कोणी रोज तिरकाच उभा राहिला, तरी तो किती पुढे सरकला ते कळतंच की. बिघडलं ते तो न सांगता सरळ झाला म्हणून."

हे मी छत्रीवाल्याला सांगितलं. वाटलं, त्याला बरं वाटेल. त्याचा चेहरा आणखी पडला. काहीच न करता बसला असता तरी चाललं असतं, हे ऐकून कुणाला बरं वाटतं?

जाकीट त्यानं धुऊन, मावशीकडून इस्त्री करून, प्रयोगशाळेला परत पाठवलं. डोंगरबाईनं ते पुन्हा आणून दिलं. ते आता त्याच्या दारामागच्या खिळ्याला लटकतंय. बोलावलं की कामाला जातो, पण साध्या शर्टात. बाण दिसला की होकायंत्र स्वतः लावतो, मग दुसऱ्याकडून बघून घेतो, मग तिसऱ्याकडून. टाकीमागचा वळसा त्यानं अजून सोडलेला नाही. परवा मी वाट अडवून म्हटलं, "भाऊ, झालं गेलं. समोरून ये ना." तर म्हणाला, "ताई, त्या दिवशी टाकीपाशी मी तोंड उघडणारच होतो. कप खाली ठेवला की बोलायचं, असं ठरवलं होतं. पण तुम्ही हात उखडायचं म्हणालात."

म्हणून हे लिहिलं. माझा स्वभाव काही आता सुधारायचा नाही, गल्लीलाही ते माहीत आहे. पण तुमचा सुधारू शकेल. तुमच्याकडे कोणी येऊन चाचरत म्हणालं, की त्या यंत्राला, त्या फायलीला, त्या हिशेबाला मी हात लावला होता, तर त्याला आधी बसायला द्या. किती फिरवलं, कुठून कुठे फिरवलं, ते शांतपणे विचारून घ्या. ओरडायचं ते त्यानंतर ओरडा.